किल्ला कुठाय?

हौगांगला आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. तिथून डोंगर काही दिसत नाही. दिसतात ते समोरचे ब्लॉक आणि बांबूंवर वाळणारे कपडे. त्यामुळे महाडहून आलेल्या आप्पांना तिसऱ्या आठवड्यातच चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. आप्पा निवृत्त शाळामास्तर. दरवर्षी पोरांची सहल घेऊन रायगड चढणारे. रोपवे आल्यावरही ‘त्या पाळण्यात बसून गडावर जाणार नाही’ हा त्यांचा पण, आणि आता गुडघे संपावर.

शिवाय घरात थोडा अबोलाही होता. चिरंजीव सतरा वर्षांचे. इथल्या कायम रहिवाशांच्या मुलांनाही दोन वर्षांची लष्करी नोकरी सक्तीची असते, आणि ती चुकवून परत जाण्यापेक्षा ती करायची असं त्यानं ठरवलं होतं. "परक्यांच्या फौजेत?" एवढंच आप्पा म्हणाले आणि पेपरमागे गेले.

शेवटी त्यांनीच विचारलं, "इथं एखादा गड नाही का रे?"

"आहे की! फोर्ट कॅनिंग." आमच्या तोंडून निघून गेलं.

झालं! रविवारी सकाळी आप्पा टोपी घालून दाराशी हजर. सौ.नं थालीपिठं बांधून घेतली. (गडावर जाताना शिदोरी नको?) हौगांगहून गाडी न बदलता थेट धोबीघाट. स्टेशनचं नाव ऐकूनच आप्पा खूश. पूर्वी इथल्या ओढ्यावर आपल्याकडचे धोबी कपडे धूत, हे ऐकल्यावर तर जास्तच.

टेकडीची उंची जेमतेम पन्नास मीटर. रायगड आठशेवीस! वळणदार जिन्यापाशी फोटोसाठी रांग लागलेली, ती ओलांडून टेकत टेकत वर गेलो. एक दगडी दरवाजा, भिंतीचा एक तुकडा, बाकी हिरवळ. आप्पा चारी बाजूंना बघून म्हणाले, "किल्ला कुठाय?"

प्रश्न रास्त होता. मलय लोक या टेकडीला बुकित लारांगान म्हणजे निषिद्ध टेकडी म्हणत, कारण इथं चौदाव्या शतकात राजांचा वाडा होता. १९२८ साली खोदकामात सोन्याचे दागिने सापडले. त्यातल्या दंडावरच्या कड्यावर कालमुख आहे, आपल्या देवळांतल्या कीर्तिमुखाचाच भाऊ. पुढे जानेवारी १८१९ मध्ये रॅफल्स आला आणि १८२२ मध्ये त्यानं इथं बंगला बांधला. आप्पांनी लगेच बोटं मोजली. "रायगड पडला मे १८१८ ला. नऊ महिनेही झाले नाहीत, तर कंपनी सरकार इथं हजर!" इतकी वर्षं इथं राहून आमच्या डोक्यात हा हिशेब कधी आला नव्हता.

बंगला पाडून १८५९ ते १८६१ मध्ये किल्ला बांधला. नाव दिलं सत्तावनच्या वेळच्या गव्हर्नर जनरल कॅनिंगचं. काम सुरू झालं त्याच वर्षी तात्या टोपेंना फाशी झालेली.

इंजिनियरच्या नजरेनं सांगायचं तर कामात मूळचाच घोळ होता. किल्ला आणि समुद्र यांच्या मध्ये शहर, म्हणजे तोफगोळा थोडा कमी पडला की आपल्याच पेठेवर. आणि वर पाण्याची बोंब. आपल्याकडे गडावर आधी पाण्याची टाकी खोदायची, निघालेला दगड तटाला लावायचा, एका कामात दोन कामं. इथं तो विचारच नव्हता. १९०७ मध्ये किल्ला पाडायला घेतला, आणि गंमत बघा, पुढे त्या जागी झाला शहरासाठी पाण्याचा साठा!

टेकडीच्या पोटात बॅटलबॉक्स आहे, जमिनीखालच्या लष्करी खोल्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला जनरल पर्सिव्हलनं शरणागतीचा निर्णय तिथंच घेतला. दारूगोळा संपत आलेला, जलाशय जपान्यांच्या हाती, फुटलेल्या नळांतून पाणी वाहून चाललेलं. "पाणीच नडलं," आप्पा म्हणाले. थालीपिठं आम्ही त्या दरवाजासमोरच्या सावलीत खाल्ली.

परतीच्या गाडीत फेरर पार्कची घोषणा झाली. तिथल्या मैदानावर १७ फेब्रुवारीला हजारो हिंदी सैनिकांना जपान्यांच्या ताब्यात दिलं गेलं. काही आझाद हिंद सेनेत गेले, काही कैदेतच राहिले. आम्ही हे सांगत होतो तोवर गाडी सुटलीसुद्धा.

"आजोबा, ते कोणासाठी लढत होते?" चिरंजीवांनी विचारलं.

आप्पांनी लगेच उत्तर दिलं नाही. सेरंगून आलं तेव्हा म्हणाले, "त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तुला विचारलं?"

"बाबांनी विचारलं. मी हो म्हटलं."

कोवान गेलं. मग पोरगाच म्हणाला, "कॅम्पला जायच्या आधी रायगड चढायचाय. चालत."

"चढ," आप्पा म्हणाले. "मी रोपवेनं येतो. वर भेटू."