उरलेले तेवीस तास

निवृत्तीनंतर कोठे राहावयाचे, हा प्रश्न आपल्याकडे पूर्वी फारसा कोणास पडत नसे. बहुतेक माणसे जेथे जन्मत तेथेच म्हातारी होत. ज्यांच्यापाशी थोडी ऐपत आणि थोडी विरक्ती असे, ती काशीस जात. कोणी नाशकास, कोणी पंढरपुरास जाऊन राहत. मौज अशी की, उतारवय घालविण्यासाठी निवडलेली ही सारी गावे पाण्याकाठची आहेत. ‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी पाण्यात उतरावयाची किंवा पाणी ओलांडावयाची जागा असा आहे. तेव्हा पन्नाशी उलटलेल्या एका प्राध्यापकाने पाण्याकडे जाण्याचे बेत करावेत, यात नवल नाही. मात्र मला पाण्याकाठी नव्हे, पाण्याखाली जावयाचे आहे. आणि माझे गाव मुखेड आहे. एवढ्यानेच एक साधा प्रश्न बिकट होऊन बसला आहे.

नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर पश्चिमेचा समुद्र मुखेडहून जितका दूर, जवळजवळ तितकाच पूर्वेचाही. दोन्हीकडे साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटर. आमचा मुलूख १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्यास समुद्रकिनाराच नव्हता. शेजारच्या लातुरास २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा प्रांतातील माणसाने पाण्याखाली जाण्याचा छंद धरावा, हे आमच्या गावी कित्येकांना चेष्टेसारखे वाटते. पण मला वाटते, जेथे पाणी दुर्मिळ असते तेथेच त्याचे वेड लागते. पाठीला वाळका भोपळा बांधून मी विहिरीत पोहावयास शिकलो. चैत्रात त्या विहिरीचा तळ दिसू लागे, तेव्हा भरल्या विहिरीच्या तळाशी काय असेल याविषयी श्रावणात केलेल्या साऱ्या कल्पना फुकट जात.

समुद्राचा तळ पाहण्याचा योग आला तो चाळिशीनंतर. आमच्या पर्यटन महामंडळाने मालवणजवळ तारकर्लीस ही विद्या शिकविण्याची सोय केली, तेथे मी सुटीत जाऊन शिकलो. कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली जे यंत्र सिद्ध केले, त्याची करामत एवढीच की, पाठीवरच्या नळकांड्यातील कोंडलेली हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, मागाल तेव्हा तोंडाशी येते. दर दहा मीटरांस एक वातावरणाचा दाब वाढतो. म्हणून खोल जावे तशी तीच हवा लवकर संपते. पाण्याखाली श्वास मुळीच कोंडावयाचा नाही, वर येताना घाई करावयाची नाही, पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबावयाचे, आणि एकट्याने कधीही उतरावयाचे नाही, असे या विद्येचे नियम आहेत. विद्यार्थ्यांकडून इतके निमूट आज्ञापालन मला कधी लाभले नाही. मी मात्र हे नियम अक्षरशः पाळतो.

साठाव्या वर्षी महाविद्यालय निरोप देणार. म्हणून गेली दोन वर्षे मी गावे तपासीत आहे. लक्षद्वीपचे पाणी स्वच्छ खरे, परंतु तेथे पाऊल ठेवावयासच परवाना लागतो. बिऱ्हाड थाटण्याची गोष्ट दूर. अंदमानातील हॅवलॉक बेट (२०१८ पासून त्याचे नाव स्वराज द्वीप) मला फार आवडते. पण सावरकरांना १९११ साली शिक्षा म्हणून जेथे नेले, त्या मुलखात आपण निवृत्तिवेतन घेऊन सुखासाठी जावयाचे, ही कल्पना घरात कोणालाच रुचली नाही. ‘काळे पाणी’ हे दोन शब्द उच्चारले गेले आणि तो विषय तेथेच संपला.

राहिले मालवण. शिवाजी महाराजांनी १६६४ साली आरंभिलेल्या सिंधुदुर्गाच्या आसमंतातील समुद्राचा काही भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. तेथील खडकांवर प्रवाळ आहेत, प्रवाळांवर रंगीत मासे आहेत, आणि किनाऱ्यावर माणसे मराठी बोलतात. मी जागेच्या किमतीची चौकशी करून आलो आणि मोठ्या उत्साहाने सौभाग्यवतींपुढे बेत मांडला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तुम्ही पाण्याखाली किती वेळ असता?”

“चाळीस मिनिटे.”

“मग उरलेले तेवीस तास वीस मिनिटे तुम्ही काय करणार? आणि मी कोठे असावयाचे?”

या प्रश्नाला माझ्या पदवीत उत्तर नव्हते. आम्ही इंग्रजी शिकविणारी मंडळी चार्ल्स लँबचा दाखला द्यावयास नेहमी तयार असतो. १८२५ साली कचेरीतून सुटल्यावर त्याने लिहिलेल्या निबंधात, हाती आलेल्या अफाट वेळाने गोंधळून गेलेला माणूस आहे. मी तो निबंध अनेक वर्षे शिकविला. तिने तो न वाचताच त्याचे सार मला सांगितले. शिवाय जूनपासून सप्टेंबरपर्यंत मालवणचा समुद्र पाणबुड्यांना बंद असतो. मी ते गाव दिवाळीत आणि मे महिन्यात पाहिलेले. धो धो पावसातले, रात्री दिवे गेलेले मालवण मला ठाऊकच नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात त्या किनाऱ्याची काय दैना झाली, हे मुखेडात बसून वाचलेले आहे, सोसलेले नाही. मुंबईचा चाकरमानी निवृत्त होऊन कोकणात परततो तो आपल्या घरी, आपल्या देवळापाशी, आपल्या भांडणांपाशी परततो. मी तेथे जन्मभर घाटावरचा पाहुणाच राहणार. आणि गुडघे किंवा कान ज्या दिवशी नाही म्हणतील, त्या दिवसापासून तो समुद्र केवळ खिडकीतले चित्र होईल.

आणखी एक नियम येथे सांगावासा वाटतो. बुडी मारल्यावर लगेच उंचावर जाऊ नये. अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेततात. म्हणून बुडीच्या दिवशी मी आंबोलीचा सातशे मीटरांचा घाट चढत नाही. रात्र खालीच काढतो. त्या रात्री किनाऱ्यावर बसले की मन फार समाधानी असते. पुष्कळ दिवस मला वाटे, ते समाधान समुद्राचे आहे. आता वाटते, त्यात अर्धा वाटा उद्या घरी जावयाचे आहे याचा असतो.

तेव्हा आमचे ठरले आहे ते असे. घर मुखेडासच राहील. तेथे आम्ही कोण हे कोणास सांगावे लागत नाही. दारावरून जाणारा ‘सर, बरे आहात ना?’ असे विचारल्याशिवाय पुढे जात नाही. थंडीत सहा आठवडे मालवणात भाड्याची दोन खोल्यांची जागा घ्यावयाची. मी पाण्यात असेन ती चाळीस मिनिटे ती किनाऱ्यावर विणीत बसणार नाही, हेही तिने बजावले आहे. मासळीबाजारात जाऊन मालवणी बोली शिकण्याचा तिचा बेत आहे. आणि कायमचा विचार करण्यापूर्वी एक अख्खा आषाढ-श्रावण दोघांनी तेथे काढून पाहावयाचा. गाव निवडावयाचे तर त्याचा वाईटात वाईट ऋतू आधी पाहावा.

बुडी मारण्यापूर्वी सोबती आधी ठरवावयाचा आणि खोली नंतर, असा आमच्या विद्येचा क्रम आहे. निवृत्तीचा क्रमही मला आता याहून निराळा वाटत नाही.