चुना

टक्कल पडलेल्या माणसाने दुकानात जाऊन हेअरस्प्रे मागितला की काय होतं ते मला विचारा. काउंटरवरच्या मुलाने आधी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग अतिशय नम्रपणे "मॅडमसाठी का?" असं विचारलं. "रणगाड्यासाठी" हे उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

खरं तर रणगाड्यासाठीच होता तो. १:३५ मापाचा टी-३४. खरा सुमारे सहा मीटर लांब, माझ्या टेबलावरचा सतरा सेंटिमीटरचा. हिरवा रंग देऊन, वर वॉर्निश मारून तयार होता. आता त्याला हिवाळ्यातला पांढरा हात द्यायचा होता, आणि तोसुद्धा दोन महिने वापरून विटलेला. नवा कोरा पांढरा रणगाडा काय, कुणीही करेल हो. सगळी गंमत (आणि सगळी डोकेदुखी) विटवण्यात असते.

१९ नोव्हेंबर १९४२ला सोव्हिएत फौजांनी स्टालिनग्राडभोवती वेढा आवळायला घेतला आणि २ फेब्रुवारी १९४३ला आतल्या शेवटच्या जर्मन तुकड्या शरण आल्या. माझा रणगाडा या अडीच महिन्यांतला. बर्फात हिरवी वस्तू मैलावरून दिसते, म्हणून पांढरा रंग. पण हिवाळा संपला की तो जायलाही हवा, नाहीतर वसंतात पुन्हा तीच पंचाईत! म्हणून बहुतेकदा पाण्यात कालवलेला चुना नाहीतर खडूच फासत. कुंचा, केरसुणी, चिंधी, हाताला येईल त्याने. आदल्या हिवाळ्यात, १९४१ला, मॉस्कोपुढे राखाडी रणगाडे घेऊन पोचलेल्या जर्मनांनाही अशीच धावाधाव करावी लागली होती.

आता हेअरस्प्रेचं काम सांगतो. हिरव्यावर हेअरस्प्रेचे दोन हात मारायचे, वाळू द्यायचे. त्यावर अॅक्रिलिक पांढरा, साध्या पाण्यात पातळ करून, एअरब्रशने. थिनर वापरलात तर रंग खाली घट्ट धरून बसतो, मग घासत बसा. पांढराही शुद्ध नको, थेंबभर बदामी घालायचा; एवढ्याशा वस्तूवर पांढराशुभ्र रंग खेळण्यासारखा दिसतो. अर्ध्या तासाने ओल्या ब्रशने पाणी लावायचं आणि थांबायचं. पाणी पांढऱ्यातून झिरपून खालचा हेअरस्प्रे विरघळवतं. मग आखूड, राठ केसांच्या ब्रशने हलकेच घासलं की पांढरा कपच्या-कपच्यांनी सुटतो आणि खालचा हिरवा डोकावतो. पहिल्यांदा हे होताना बघितलं तेव्हा मी एकटाच खोलीत हसलो होतो.

तर मी असा घासत बसलेलो असताना मागे अण्णा येऊन उभे राहिले.

अण्णांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणंही जवळजवळ पूर्ववत झालं, उजव्या हाताची बोटं मात्र अजून त्यांचं ऐकत नाहीत. फिजिओथेरपिस्टने वाटाणे वेचायला सांगितलेत. अण्णा ते करत नाहीत. "मी काय बालवाडीत आहे?" विषय संपला.

थोडा वेळ बघून म्हणाले, "चुना असा जात नाही रे."

"मग कसा जातो?"

"तू सगळीकडे सारखा घासतोयस. चुना माणूस जिथे टेकतो तिथे जातो."

आमचं घर राजापूरजवळ. जांभ्याच्या भिंती. पावसाळा सरला की दिवाळीआधी अण्णा स्वतः चुना काढायचे. पिंपात कळीचा चुना भिजत घातला की तो रटरटायचा आणि आम्हा पोरांना जवळ फिरकायची बंदी असायची. मग गाळून, चिमूटभर नीळ, थोडा डिंक. डिंक कमी पडला की वर्षभर प्रत्येकाच्या पाठीवर भिंत! आणि खरंच, शिमग्यापर्यंत ओटीवर आजोबांच्या पाठीच्या जागी तांबडा जांभा दिसायला लागायचा. दाराच्या चौकटीशी, हात धरायच्या उंचीवर, तसाच. कोनाड्याच्या आत मात्र चुना कालचा वाटायचा.

मी ब्रश खाली ठेवला आणि रणगाड्यावर माणसं कुठे टेकत असतील ते बघायला लागलो. चौघांचा ताफा. चालक पुढच्या झाकणातून आत शिरणार, म्हणजे त्या कडेवर रोज बूट. बुरुजावरच्या झाकणाशी हात. मागे इंजिनावर पायदळाचे सैनिक बसून जायचे, त्यांच्यासाठी कठडे असायचे. तिथे चुना उरेलच कसा? बुरुजाच्या मागच्या फुगवट्याखाली मात्र कुणाचा हात जात नाही, तिथे पांढरा तसाच राहणार. इतकी वर्षं मी फोटो बघून ठिपके उतरवत होतो. त्या ठिपक्यांच्या जागी माणसं बसलेली होती हे काही डोक्यात आलं नव्हतं.

"अण्णा, तुम्हीच करून बघा ना," असं म्हणून मी ब्रश त्यांच्या हातात दिला. खरं सांगतो, थोडा वाटाण्यांचाही विचार होता मनात.

त्यांचा हात थरथरत होता, आणि थरथरत्या हाताचं काम माझ्यापेक्षा चांगलं उतरलं! माझे ओरखडे कसे हिशेबी येतात. त्यांचे कुठे जास्त, कुठे नुसतेच स्पर्श केल्यासारखे. वीस मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही. मग डाव्या मडगार्डवर त्यांचा हात अडकला, एकाच जागी घासत राहिला, आणि पांढरा, वॉर्निश, हिरवा सगळं जाऊन खालचं प्लास्टिक दिसायला लागलं.

"अहो, काय केलंत हे! बघून तरी करायचं ना!"

मी ओरडलोच. तीन आठवड्यांचं काम होतं वगैरे सगळं ठीक आहे, पण ओरडलो. अण्णांनी ब्रश पाण्याच्या वाटीत ठेवला. तो नीट ठेवायलाही त्यांना दोन प्रयत्न लागले. मग ते बाहेर जाऊन टीव्हीसमोर बसले. मी गेलो नाही मागे. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, हे एक कारण. राग उतरला नव्हता, हे दुसरं.

पुढचे चार दिवस ते खोलीत फिरकले नाहीत. जेवताना नेहमीसारखं बोलायचे, क्रिकेटवर, वीजबिलावर. पाचव्या दिवशी ते दुपारी झोपले असताना मी ती जागा बारीक ब्रशने हिरव्याने भरली, वर जराशी माती लावली. आणि संध्याकाळी रणगाडा उचलून त्यांच्यासमोर टीपॉयवर नेऊन ठेवला.

"चुकलंच माझं," मी म्हणालो.

अण्णांनी चष्मा लावला. रणगाडा डाव्या हाताने फिरवून फिरवून बघितला.

"इथे नंतर रंग लावलास ना?"

"हो."

"गडद झालाय थोडा," ते म्हणाले आणि ब्रश मागितला.