मामूंचं डिस्नीलँड

आमचे मामू बोटीवर खलाशी होते. रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांत असा एखादा मामू किंवा चाचा असतोच. सुट्टीवर येताना ते साबण, टॉर्च, नायलॉनच्या साड्या आणत. १९८६ साली माझ्यासाठी त्यांनी एक जुनं मासिक आणलं, 'व्हेकेशनलँड'. डिस्नीलँडचं हे मासिक कॅलिफोर्नियातल्या हॉटेलांत फुकट मिळायचं.

मी सात वर्षांची. कंदिलाच्या उजेडात मामू एकेक पान उलटून गोष्ट सांगत. अ‍ॅडव्हेंचरलँडच्या नदीत हत्ती डुंबतायत. "हे आपल्याकडचेच हत्ती. आमच्याच बोटीनं नेले!" फ्रंटियरलँडमध्ये चाकाची आगबोट. आणि टुमॉरोलँड, म्हणजे उद्याचा मुलूख. "तिथं एक होडी आहे. दर्यावरच्या माणसाला तासाभरात घरी पोचवते."

ती होडी मी मासिकात खूप शोधली. मामूंनाही विचारलं. ते म्हणाले, "पुढच्या अंकात असेल."

बी.एड. होईपर्यंत मासिक वाळवीनं खाल्लं होतं. मागच्या वर्षी इंटरनेटवर त्याचे जुने अंक सापडले, आता इंग्रजी येत होतं म्हणून सगळे वाचून काढले. १९६२ साली आलेले ते डुंबणारे हत्ती यंत्राचे होते. डिस्नीलँड १७ जुलै १९५५ला उघडलं, तेव्हा टुमॉरोलँडमध्ये १९८६ सालचं जग दाखवायचं ठरलं होतं, हेही वाचलं. त्या १९८६मध्ये आमच्या घरात वीज नव्हती, आणि मामूंचं पत्र यायला महिना लागायचा. होडी कुठेच नव्हती.

अम्मीला हे सांितलं तर ती हसली. म्हणाली, "अगं, त्याला इंग्रजी कुठं येत होतं? आणि आत तरी कुठं गेला होता? बोट दोन दिवस बंदरात होती, तिकिटाचे पैसे त्यानं घरी पाठवले."

मला रडू आलं. इतकी वर्षं मला वाटायचं, मामू ते सगळं बघून आलेत. खरं तर ते माझ्याएवढेच बाहेर उभे होते, फक्त चित्रं बघत. होडी तेवढी त्यांची स्वतःची.

मामू आता नाहीत. अल्लाह त्यांची मगफिरत करो. यंदा सातवीच्या मुलांना मी निबंध दिला, 'उद्याचं जग'. एका मुलीनं लिहिलं, तिथून अब्बा रोज संध्याकाळी घरी येतील. तिचे अब्बा कुवेतला असतात. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. मी लाल पेन बाजूला ठेवलं.