दोन झाडांवाचूनची झोळी

मुंबई-हावडा लोहमार्गावरील गोंदिया हे शहर व्यापारी कुटुंबांना तांदळाच्या गिरण्यांमुळे आणि बिडीच्या धंद्यामुळे परिचित आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तळ्यांचा आणि अरण्यांचाही आहे. त्याच्या दक्षिणेस नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे परंपरा सांगते. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे हे पाणी आणि त्याभोवतीचे रान मराठी वाचकाच्या घरात पोचले. हिवाळ्यात येथे सहकुटुंब मुक्कामास येणाऱ्यांच्या सामानात अलीकडे एक नवी वस्तू दिसू लागली आहे. ती म्हणजे हॅमॉक, अर्थात दोन टोकांना टांगलेली कापडी झोळी.

ही झोळी मुळात अमेरिकेतील मूलनिवासींची. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला, तेव्हा युरोपीयांनी ती प्रथम पाहिली आणि पुढे जहाजांवरील खलाशांचे ते अंथरूण झाले. विदर्भाला मात्र टांगलेल्या विसाव्याचे अप्रूप नाही. वाड्यातील बंगई सर्वांच्या ओळखीची आहे. रोवणीच्या दिवसांत जवळ झाड नसेल, तर धुऱ्यावर तीन काठ्यांची तिवई उभी करून तान्ह्या बाळाची झोळी टांगण्याची रीतही जुनीच. आज ज्याला घडीचा हॅमॉक स्टँड म्हणतात, त्याचे मर्म या तिवईतच आहे.

अरण्यात झाडे असताना स्टँड कशाला, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे पहिले उत्तर नियमांत आहे. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे मनास येईल त्या जागी तळ ठोकता येत नाही, ठरवून दिलेल्या निवासाच्या आवारातच राहावे लागते. त्या आवारात योग्य अंतरावरची दोन झाडे असतीलच असे नाही. दुसरे उत्तर झाडांपाशी आहे. बारीक दोरी भाराने सालीत रुतते आणि पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारा थर सालीतच असतो. शिवाय रानाकाठचा मोह बेवारस दिसला, तरी मार्च-एप्रिलमध्ये त्याची फुले वेचून एखादे घर चालते. उन्हाळ्यात तेंदूपानाचेही तसेच. चार तासांच्या आरामासाठी दुसऱ्याच्या उपजीविकेवर वळ उठू नये.

बाजारात लोखंडी नळ्यांचे तयार स्टँड मिळतात, पण ते जड असतात. या जिल्ह्यात बांबू विपुल असल्याने घरच्या घरी सोयीचा स्टँड करता येतो. दोन्ही टोकांना सहा-सहा फुटांच्या तीन काठ्यांची एकेक तिवई उभारावी. तिवयांच्या बेचक्यांत सुमारे बारा फुटांचा आडवा दांडा टेकवून बांधावा. झोळीची दोरी दांडा आणि तिवई जेथे मिळतात तेथेच बांधावी, म्हणजे खाली येणारा भार पायांवर आणि आत ओढणारा जोर दांड्यावर जातो. काठ्यांसाठी तीन-चार वर्षांचा पक्व, भरीव मानवेल उत्तम. त्याला भोके पाडू नयेत, कारण बांबू उभा चिरतो. सुंभाने किंवा सुती दोरीने आवळून बांधावे. पाय फाकू नयेत म्हणून तळाशी दोरीचे कडे घालावे आणि ओल्या मातीत प्रत्येक पायाखाली लाकडी चकती ठेवावी. मोटारीतून न्यायचे असेल, तर आडवा दांडा चार-चार फुटांच्या तीन धातूच्या नळ्यांचा करावा. जोडाची बाही फूटभर तरी लांब आणि घट्ट असावी.

यात खरा धोका झोळी ताणून बांधण्याचा असतो. दोरी आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करीत असेल, तर ऐंशी किलोच्या माणसामुळे प्रत्येक दोरीवर ऐंशी किलोचाच ताण येतो. तोच कोन दहा अंशांवर आला, की ताण दोनशे तीस किलोंपर्यंत चढतो. म्हणून झोळीला चांगला झोल द्यावा आणि तीत किंचित तिरपे निजावे, म्हणजे पाठ सरळ राहते. प्रथम वापरण्यापूर्वी तांदळाची पन्नास-पन्नास किलोंची दोन पोती तीत ठेवून तासभर निरीक्षण करावे. दांडा वाकला वा गाठ सरकली, तर त्यात माणूस बसवू नये. झोळी जमिनीपासून बसण्याच्या उंचीपेक्षा वर नसावी. हा स्टँड विसाव्यासाठी आहे, मुलांनी झोके घेण्यासाठी नव्हे.

डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचा पारा दहा अंशांखाली उतरतो. टांगलेल्या अंथरुणाला खालून गारवा लागतो आणि पाठीखाली दबलेली गोधडी ऊब धरीत नाही. तीच गोधडी झोळीच्या खाली सैल टांगली, तर मधली हवा उबदार राहते. आडव्या दांड्यावरून मच्छरदाणी सोडता येते आणि दवासाठी ताडपत्रीही. स्टँड मांडण्यापूर्वी मुंग्यांची वारुळे, पक्ष्यांची घरटी न्याहाळून जागा बदलावी, आणि निजण्याआधी कापड झटकावे.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले, की जलाशयाकाठची संध्याकाळ मोकळी असते. घरातील वडीलधाऱ्यांना जमिनीवर बसणे अवघड जाते. बेताच्या उंचीवरच्या झोळीत आधाराने टेकून त्यांनाही पाण्यावर उतरणारे पक्ष्यांचे थवे निवांत पाहता येतात. सकाळी दोऱ्या सोडून काठ्या गुंडाळल्या, की मागे न सालीवर वळ राहतो, न मातीत खिळा. पाहुण्याने यजमानाच्या घरून निघावे ते असेच.