लीला की मराठा?

आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली. मी आणि ताईने ठरवलं की ह्या दोघांना एक रात्र फाइव्ह स्टारमध्ये राहायला पाठवायचं. दोघांनीही आयुष्यात असल्या हॉटेलात पाऊल ठेवलेलं नाही. बाहेरगावी मुक्काम म्हणजे देवस्थानचं भक्तनिवास, नाहीतर मावशीचं घर.

आम्ही घाटकोपरचे, त्यामुळे ताज-ओबेरॉय आधीच बाद. शनिवारी संध्याकाळी तिथवर टॅक्सीत बसवलं तर आईचे गुडघे बोलायला लागतात. जुहूला गर्दी. राहिलं सहार, आणि सहारमध्ये गाडी दोन नावांवर येऊन अडली : लीला आणि आयटीसी मराठा.

सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. (हसू नका. लग्नासाठी मुली बघतानाही उघडलं होतं, बायकोला माहीत आहे.) भाडं, नाश्ता, अंतर, जेवण, बाथरूम असे कॉलम. बाथरूम ह्यासाठी की बाथटबची कड ओलांडून आत जाणं आईला जमणार नाही, उभ्याने आंघोळीची वेगळी जागा हवी. दोन्हीकडे फोन केला, दोन्हीकडे सांगितलं की तशी खोली मिळेल. भाड्यातही त्या तारखेला फार फरक नव्हता. खोली ७,५०० च्या वर गेली की जीएसटी १८ टक्के, तो दोघांनाही सारखाच. थोडक्यात, एक्सेलने हात वर केले.

खरं सांगायचं तर माझ्या मनात लीलाच होतं, आणि त्याला कारण बाबा. त्यांची नोकरी चकाल्याला, एका छोट्या वर्कशॉपमध्ये. रोज बेस्टच्या बसने अंधेरी-कुर्ला रोडवरून जाणं-येणं. लीला उघडलं १९८६ मध्ये, म्हणजे त्यांच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. तेव्हापासून रिटायर होईपर्यंत रोज दोन वेळा तो नाका. हॉटेलचा सगळा इतिहास त्यांना पाठ. कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर, मूळचे कण्णूरचे, सैन्यातून बाहेर पडून कापडाच्या धंद्यात आले आणि साठी ओलांडल्यावर हॉटेल काढलं. हॉटेलला नाव दिलं बायकोचं. "माणसाने बायकोच्या नावाने काय काय केलं बघ," हे आई आम्हाला लहानपणापासून ऐकवते, म्हणजे बाबांना ऐकवते. २०१९ मध्ये लीलाची दिल्ली, बंगळूर, चेन्नई आणि उदयपूरची हॉटेलं ब्रुकफील्डकडे गेली, मुंबईचं मात्र मूळ कंपनीकडे राहिलं, ही बातमीही मला बाबांनीच दिली होती. आणि जून २०२१ मध्ये शेजारचं हयात रीजन्सी पगाराला पैसे नाहीत म्हणून बंद झालं, तेव्हा दोन दिवस ते त्याच विषयावर बोलत होते.

तर असा माणूस. त्याला त्या गेटातून पाहुणा म्हणून आत न्यायचं, ह्याच्यासारखं सरप्राइज नाही! मी मनातल्या मनात फोटोही काढून ठेवले होते.

मराठाबद्दल आमच्या घरात कुतूहल कमी आणि शंका जास्त. २००१ मध्ये उघडलं तेव्हा नाव होतं ग्रँड मराठा शेरेटन. कंपनी कोलकात्याची. तिथली गाजलेली रेस्टॉरंटं कुठली, तर अवधी जेवणाचं दम पुख्त आणि सरहद्दीकडचं पेशावरी. पेशवा पॅव्हेलियन आहे, पण तो बुफे. नाव मराठा आणि त्या दोघांत मराठी स्वयंपाकघर एकही नाही! ताई म्हणाली, पानिपतच झालं की हे.

शेवटी सरप्राइज सोडून दिलं आणि बाबांनाच विचारलं. म्हटलं, लीलात राहायला जाल का?

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथे नको रे. ते मला बाहेरूनच बघायची सवय आहे."

मी म्हटलं, अहो, म्हणूनच तर. त्यांनी मान हलवली. "तिथला दरवान मला सलाम करणार, आणि मला सारखं वाटत राहणार की आत्ता बस येईल आणि मी इथे काय करतोय. दुसरं कुठलंही बघ."

ह्यावर काय बोलणार? माझ्या डोक्यातलं सरप्राइज हे माझ्या सोयीचं होतं, त्यांना ती एक रात्र निवांत हवी होती. बस्स, लीला कटाप.

मराठाला होकार मिळायला अजून एक अडचण होती, आणि ती आईने सांगितली. बाबांना काट्या-चमच्याची धास्ती. भाचीच्या रिसेप्शनला ह्या माणसाने पनीरचा तुकडा टेबलाखाली उडवला होता, तेव्हापासून ते बुफेतही चमच्याने खाता येईल तेवढंच घेतात. इथे पेशावरी धावून आलं. दिल्लीच्या ज्या बुखारामध्ये बिल क्लिंटन जेवले, त्याचंच हे भावंड, आणि तिथली पद्धत अशी की काटे-चमचे द्यायचेच नाहीत. गळ्याला भलामोठा नॅपकिन बांधायचा आणि सरळ हाताने जेवायचं. अख्ख्या काळ्या उडदाची डाळ रात्रभर मंद आचेवर शिजवतात, आणि ती मोठाल्या नानबरोबर ओरपायची.

हे सांगितल्यावर बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "एवढे पैसे घेतात आणि चमचा देत नाहीत?" 

"नाही देत."

"मग चालेल."

आईने फक्त विचारलं की उडदाच्या डाळीने तिला रात्री त्रास होईल का. होईल बहुतेक. ओवा पर्समध्ये ठेव म्हटलं.

बुकिंग केलं. गाडीची व्यवस्था करतो म्हणालो तर बाबांनी साफ नाही सांगितलं. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका, तिथे खाली उतरून मेट्रो तीन, आणि दुसरं स्टेशन सहार रोड. सरकते जिने आहेत, आईलाही जमेल, असं त्यांचं म्हणणं. फाइव्ह स्टारला मेट्रोने, हातात रेक्झिनची बॅग घेऊन! मी वाद घातला नाही.

आत्ताच त्यांचा फोन येऊन गेला. नाश्ता भाड्यात धरलाय की वेगळा, ते लेखी घेतलंस ना, असं विचारत होते. घेतलंय. ईमेलची प्रिंटसुद्धा काढून दिलीय.