अम्मीचं घड्याळ किती जुनं?

जुन्या घड्याळाचं वय डायल पाहून ठरवू नये. डायल पुन्हा रंगवता येते, आणि आपल्याकडे अशा डायली सर्रास रंगवल्या गेल्या. डाग पडला की जुना रंग घासून काढायचा, वर नवा रंग आणि हवं ते नाव छापायचं. पट्टा, काच, चावी, काटेही बदलतात. खरं वय कळतं ते मागचं झाकण उघडल्यावर.

अम्मीच्या घड्याळाचं वय काढायची वेळ तिच्या इंतकालानंतर आली. नाण्याएवढं, चावीचं लेडीज घड्याळ. कडांचा सोनेरी मुलामा उडालेला, डायलवर एका स्विस कंपनीचं नाव. खानदानात त्याची गोष्ट ठरलेली होती: 1958 साली निकाहाच्या वेळी अब्बांनी ते मुंबईहून आणलं. फुफी दर ईदला सांगायची. अब्बांनी अम्मीला काय काय दिलं, त्या यादीत घड्याळ पहिलं.

नागपुरात मोमिनपुऱ्यातल्या घडीसाजांनी झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "बाहेरून स्विस, आतून एचएमटी." मशीनवर तसा ठसा होता. मशीन मागाहून बदललं असेल का, असं मी विचारलं. त्यांनी झाकणाची आतली बाजू दाखवली. तिथेही एचएमटीच.

एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, सरकारी कंपनी. ती निघाली 1953 साली. पण जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरूत घड्याळं बनू लागली 1961 मध्ये. म्हणजे 1958 च्या निकाहात हे घड्याळ असणं शक्यच नव्हतं.

झाकणाच्या आत सुईनं ओरखडलेले बारीक आकडेही होते. दुरुस्ती करणारे बरेचदा आपली खूण आणि महिना-साल असं कोरून ठेवत. सगळ्यात जुनी खूण 6-71. एक टोक 1961, दुसरं जून 1971. घड्याळ या दहा वर्षांतलं.

याच दहा वर्षांत, 1966 मध्ये, अम्मी उर्दू प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागली. पैसे कोणी मोजले हे मशीनवर लिहिलेलं नसतं, त्यामुळे तिनंच घेतलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण सकाळी सातची शाळा गाठायची, तासाला तास बदलायचा, पगार हाती यायचा, अशी घरातली एकमेव बाई तीच होती.

शरीयतच्या हिशेबानं यात काही बदलत नाही. निकाहात मिळालेलं तिचंच, कमावलेलंही तिचंच. बाईच्या कमाईवर बाईचा हक्क सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. घराच्या आठवणीत मात्र वेगळाच कायदा चालतो. तिथे बाईच्या अंगावरची प्रत्येक वस्तू कोणीतरी "दिलेली" असते. तिनं घेतलेलीही हळूहळू दिलेली होऊन जाते. फुफी गोष्ट सांगायची तेव्हा अम्मी तिथेच शीरखुर्म्याच्या वाट्या भरत असायची. तिनं ती कधी खोडली नाही. अब्बांचा मान राखला असेल, किंवा सांगून उपयोग नाही हे तिला ठाऊक असेल.

तुमच्या घरात नानी-दादीचं घड्याळ असेल, तर चांगल्या घडीसाजाकडून झाकण उघडून घ्या. आतले आकडे वहीत उतरवा. आणि ती हयात असेल, तर घडीसाजाच्या आधी तिलाच विचारा.