मस्टरवरचं नाव

माझ्या आज्याच्या उमेदीत तुळजापूर निजामाच्या राज्यात होतं आणि 45 किलोमीटरवरचं सोलापूर इंग्रजाच्या. त्यामुळं तहसील, मुन्सिफ, पेशकार हे कचेरीतले शब्द आम्हाला हैदराबादकडून आले आणि इंग्रजी शब्द सोलापूरच्या बाजारातून, मिठामिरचीबरोबर. आजा "टेशनला चाललो" म्हणाला की तो सोलापूरला चालला असं समजायचं. तुळजापूरला तेव्हा रेल्वे नव्हतीच, मग दुसरं टेशन आणायचं कुठून?

गावात आलेला शब्द गावचाच होऊन जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यावर नियंत्रण आलं, तेव्हापासून स्वस्त धान्याचं दुकान म्हणजे 'कंट्रोल'. "कंट्रोलात साखर आलीया, पिशवी घे." मी पुढं इंग्रजीचा मास्तर झालो. एकदा वर्गात कंट्रोलचा अर्थ नियंत्रण असा सांगितला, तर मागच्या बाकावरचं पोरगं उठून म्हणालं, "न्हाई सर, दुकान." त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटेना. 'लाईट आली, मोटर चालू कर' यातले दोन शब्द इंग्रजी, पण लाईट म्हणजे वीज आणि मोटर म्हणजे विहिरीतलं पाणी उपसणारी, हे इंग्रजाला कोण सांगणार!

पण माझ्या मनात रुतून बसलाय तो शब्द वेगळा. मस्टर.

1972 चा दुष्काळ. मी पाचवीत होतो, त्याच जूनमध्ये एबीसीडी सुरू झालेली. विहिरींना तळ दिसत होता. कंट्रोलात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे 'मिलो' म्हणत. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडायची. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. धाकटी बहीण कडेवर, हातोडी पदरात. पोरांना तिथं सुकडी मिळते म्हणून सुट्टीच्या दिवशी मीही मागं लागायचो.

एका पगाराला आईचं नाव निघालंच नाही. आठवडाभर फोडलेल्या खडीचा ढीग समोर होता. आई म्हणाली, "मी हितंच व्हते की, दिसले न्हाई का?"

मुकादम म्हणाला, "तू हायस गं बाई, पर मस्टरवर न्हाईस."

त्या रात्री चुलीपुढं तिनं मला विचारलं, "मस्टर म्हंजे काय रं? तू इंग्रजी शिकतूस न्हवं?"

मी ऐटीत सांगितलं, "मास्टर म्हंजे गुरुजी."

आई जाळ सारत म्हणाली, "गुरुजी आसता तर नाव इसरला नसता."

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक धरलं. हजेरी झाली की ती वहीजवळ जायची. "माझ्या नावावर बोट ठिवून दाव." लिहिणारा वैतागायचा, बाया हसायच्या, पण ती हलायची नाही. महिना-दीड महिन्यात तिला आपलं नाव नुसतं बघून ओळखू यायला लागलं. आईला येणारं वाचन तेवढंच. बुडालेला पगार मात्र मिळाला नाही.

मास्तर झाल्यावर मी कोशात 'मस्टर' काढला. फौजेतली माणसं एका जागी उभी करून मोजायची, ते मस्टर. आणि तो शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला त्याचा अर्थ 'दाखवणे'. कोश उघडा ठेवून बराच वेळ बसलो. आईला सांगावं असं वाटलं, सांगितलं नाही. एवढं शिकून उशिरा सांगायची लाज वाटली असावी.

पुढं कंट्रोलात अंगठा घेणारी मशीन आली. अंगठ्याला आता 'थम' म्हणतात. "मावशी, थम लागंना तुमचा," दुकानदार म्हणाला. तीनदा पुसून लावला, पदराला घासून लावला. पोरगा भला होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. पण मशीनपुढं त्याचंही काही चालेना. आईच्या अंगठ्यावर रेघा राहिल्या होत्याच कुठं! खडी, भांडी, शेण, खुरपं. मी तिच्याबरोबर होतो, सत्तरी ओलांडलेल्या आईला एकटी कशी पाठवणार.

आई अंगठ्याकडं बघत म्हणाली, "मस्टर आण. माझं नाव मी दावते."

दुकानदार पंचविशीचा. त्याला मस्टर ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आईनंही.

"सांग की त्याला," ती म्हणाली, "आता तर शिकलायस न्हवं."